गुरुवारच्या मीटिंगला अकरा माणसं : क्लब चालवायचा कसा?

काठावरचा | १४ मे, रात्री १०.५०

नमस्कार मंडळी.

आमचं गाव कृष्णाकाठचं, तालुक्याचं. इथला रोटरी क्लब जुना आहे. सदस्य कागदावर ४२. दर गुरुवारी संध्याकाळी साडेसातला मीटिंग. परवा मी डोकी मोजली, १४ भरली. त्यातले दोघे वक्त्यासोबत आलेले आणि एक हॉटेलवाला, किती ताटं लावायची ते विचारायला उभा होता. म्हणजे आमचे ११.

येत्या १ जुलैला नवं रोटरी वर्ष सुरू होतंय आणि त्या दिवसापासून मी सेक्रेटरी. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी : पदग्रहणाच्या दिवशी अध्यक्षांच्या गळ्यात कॉलर पडते आणि सेक्रेटरीच्या गळ्यात क्लब.

आमची मीटिंग कशी चालते ते सांगतो. साडेसातची वेळ, सव्वाआठला घंटा. राष्ट्रगीत. मग वाढदिवस, लग्नाचे वाढदिवस, प्रत्येकाला एक गुलाब आणि एक फोटो. मग सेक्रेटरीच्या सूचना, ज्या सगळ्यांनी सकाळीच व्हॉट्सअ‍ॅपवर वाचलेल्या असतात. मग वक्त्याची ओळख करून देणाऱ्याची ओळख. मग वक्त्याची ओळख. मग वक्ता, आणि तोवर निम्म्यांचे डोळे जेवणाच्या टेबलाकडे. या वर्षात ‘मधुमेह आणि आपण’ हा विषय तीनदा झाला, तिन्ही वेळा नंतर गुलाबजाम होते. आभार, पुन्हा घंटा, जेवण. जेवणाला आमच्यात फेलोशिप म्हणतात.

कामाचं बोलणं यात कुठे आहे? कुठेच नाही. ते होतं जेवण झाल्यावर, खाली पार्किंगमध्ये, गाडीला टेकून. रक्तदान शिबिर, शाळांना ई-लर्निंग संच, वृक्षारोपण, सगळं तिथेच चार जण ठरवतात. बाकीच्यांना कळतं ते बातमीचं कात्रण ग्रुपवर आल्यावर.

आता मुद्दा. २०१६ साली रोटरीच्या कायदे-कौन्सिलने नियम सैल केला. महिन्यातून किमान दोन मीटिंग झाल्या तरी चालतं. आमच्याकडचे तरुण म्हणतात, दोनच करू, त्यातली एक ऑनलाइन. जुने म्हणतात, आठवड्याची मीटिंग गेली की क्लब गेला. बोर्डात सरळ दोन तट पडलेत आणि मी नावाप्रमाणे काठावर.

रोटरी, लायन्स, जेसीज, गणेश मंडळ, कुठलाही अनुभव चालेल. फक्त ‘आजकाल कुणाला वेळ नसतो’ हे सांगू नका, ते मला ३१ जणांनी सांगून झालंय.

---

तिरकस_बोरू | १४ मे, रात्री ११.२०

‘वक्त्याची ओळख करून देणाऱ्याची ओळख’ वाचून हातातला चहा सांडला.

मी एकदा पाहुणा म्हणून अशा कार्यक्रमाला गेलो होतो (गाव सांगत नाही). स्टेजवर अकरा खुर्च्या, समोर नऊ माणसं. स्वागत झालं, सत्कार झाले, आणि सत्कार करणाऱ्यांचेही सत्कार झाले. निघताना मलाही एक बुके मिळाला. मी कोण हे कुणालाच माहीत नव्हतं.

राग मानू नका, एकच विचारतो. तुमचा क्लब उद्या बंद पडला तर गावात कुणाला कळेल? हॉटेलवाला सोडून.

---

काठावरचा | १४ मे, रात्री ११.३४

राग नाही. प्रश्न बरोबर आहे आणि उत्तर माझ्याकडे नाही. झोपतो आता.

---

जुनं_खोड | १५ मे, सकाळी ६.१०

काठावरचा, तुमच्या बोर्डातल्या जुन्यांपैकी एक असावा असा मी, पण दुसऱ्या गावचा. क्लबमध्ये येऊन मला ३४ वर्षं झाली. बोरूसाहेबांचा प्रश्न झोंबला, म्हणून पहाटे उठून टंकतोय.

१९९५ साली देशभर पल्स पोलिओ सुरू झाला तेव्हा आमची मीटिंग सोमवारी असायची. रविवारी बूथ असला की त्याआधीचे तीन सोमवार वक्ता नाही, गुलाब नाही. टेबलावर तालुक्याचा हाताने काढलेला नकाशा. प्राथमिक आरोग्य केंद्राचे डॉक्टर येऊन बसायचे. कुठला बूथ कुणाकडे, बर्फाची सोय कोण करणार, लसीचे डबे न्यायला जीप कुणाची. एक सदस्य बर्फाच्या कारखान्याचा मालक होता, त्याची एरवी क्लबमध्ये कुणी दखल घेत नसे. त्या तीन आठवड्यांत तोच अध्यक्ष असल्यासारखा वागायचा आणि आम्ही वागू द्यायचो.

बूथवर डोस दिला की पोराच्या डाव्या करंगळीच्या नखाला शाई लावायची. दुसऱ्या दिवसापासून घरोघरी. दारावर खडूने खूण, झालेल्या घरावर इंग्रजी ‘पी’, राहिलेल्या घरावर ‘एक्स’. पुढे लसीच्या बाटलीवर, लस उष्णतेने खराब झाली का ते दाखवणारा, वर्तुळातला चौकोन आला. आतला चौकोन बाहेरच्या वर्तुळापेक्षा फिका असेल तर लस चांगली, रंग सारखा झाला की बाटली बाजूला. हे आम्हाला, म्हणजे एका कापड दुकानदाराला, एका वकिलाला आणि माझ्यासारख्या ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या विक्रेत्याला, पाठ होतं.

सर्वांत अवघड असायची ऊसतोडीची पोरं. कारखान्याचा हंगाम सुरू झालेला, टोळ्या बीडकडून आलेल्या, खोपी आज या फडाशेजारी, उद्या दुसऱ्या. रविवारी बूथवर कोण येणार? आई-बाप पहाटे चारला कोयता घेऊन फडात. मग आमच्यातला एक ऊसवाहतूकदार उठला आणि म्हणाला, टोळी कुठे आहे हे स्लिपबॉयला, म्हणजे कारखान्याच्या चिठ्ठीवाल्या पोराला, माहीत असतं, मला त्याच्याकडून रोज रात्री कळतं, मी यादी देतो. हे त्याने मीटिंगमध्ये सांगितलं, पार्किंगमध्ये नाही. बर्फवाला, वाहतूकदार आणि डॉक्टर एका टेबलाशी नसते तर ती पोरं राहिलीच असती.

देशातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ चा, हावड्यातला. २७ मार्च २०१४ ला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं. आम्ही पुढच्या सोमवारी पेढे वाटले आणि, खरं सांगतो, त्यानंतर टेबलावर ठेवायला नकाशाच राहिला नाही. तुमचे गुलाब तेव्हापासूनचे आहेत. आमचेही.

म्हणून आठवड्याची का पंधरवड्याची, यावर भांडू नका. टेबलावर काय आहे ते बघा.

---

फुलवात | १५ मे, सकाळी ९.०५

खोडकाका, +१००. स्लिपबॉयचं वाचून अंगावर काटा आला. माझी आजी अंगणवाडी सेविका होती, तिच्या पर्समध्ये ती शाईची पेनं कायम असायची.

---

वऱ्हाडी_ठेचा | १५ मे, दुपारी १.३०

मी लायन्सवाली, विदर्भातली. आमच्याकडे मीटिंग महिन्यातून दोनच आणि तरी हजेरी बरी असते. त्याचं अर्धं श्रेय टेल ट्विस्टरला. हे लायन्सचं अधिकृत पद आहे बरं, चेष्टा नाही. शेपटी पिरगाळणाऱ्याचं काम असं की मीटिंगमध्ये कुणालाही कशावरूनही दंड करायचा. उशिरा आला, वीस रुपये. बिल्ला विसरला, वीस. ‘शुभ सकाळ’चं गुलाबाचं चित्र ग्रुपवर टाकलं, पन्नास. भाषण तीन मिनिटांच्या वर गेलं की मिनिटाला दहा. माझ्या नवऱ्याने ओळख करून देताना स्वतःचाच परिचय दिला, त्याला शंभर झाले. लोक हसतात, पैसे जमतात आणि भाषणं आपोआप आखूड होतात.

आता कामाचं. १९२५ मध्ये हेलन केलर यांनी लायन्सच्या अधिवेशनात अंधांसाठी काम करा असं आवाहन केलं, तेव्हापासून डोळे हा आमचा विषय. आम्ही मोतीबिंदूची शिबिरं घेतो. पहिली काही वर्षं आम्हीही ‘इतक्या शस्त्रक्रिया’ असा आकडा बॅनरवर छापायचो. एकदा एका गावात दुसऱ्याच कामासाठी गेले, तर आमच्या शिबिरातली एक आजी ओट्यावर बसलेली. विचारलं, दिसते का आता? म्हणे, “दिसते, पण सुईत दोरा जात नाही.” ऑपरेशन छान झालं होतं. महिन्याने नंबर काढून चष्मा द्यायचा, त्याला ती आलीच नव्हती, कारण दवाखाना चाळीस किलोमीटरवर आणि नेणारं कोणी नाही. नेताना आमची बस होती, तपासणीला परत न्यायला नव्हती.

तेव्हापासून आमच्या मीटिंगला एकच वही फिरते. रुग्णाचं नाव, दुसऱ्या दिवशीची तपासणी, आठवड्याची, महिन्याची, चष्मा दिला का. प्रत्येक सदस्याकडे पाच-सहा नावं. नावापुढे टिक नाही तर उभं राहून सांगायचं काहून नाही ते. ज्यांची साखर जास्त म्हणून ऑपरेशन पुढे ढकललं, त्यांचं वेगळं पान, नाहीतर ते लोक कायमचेच सुटतात. ही वही आल्यापासून मीटिंग चुकवायची लाज वाटते लोकांना.

---

तिरकस_बोरू | १५ मे, दुपारी २.०२

वही आवडली. दंड त्याहून आवडला. ‘स्वतःचाच परिचय’ला शंभर कमीच.

---

वस्तीवरचा_गुरुजी | १५ मे, रात्री ८.४५

मी घेणाऱ्यांच्या बाजूचा. जिल्हा परिषदेची द्विशिक्षकी शाळा, वस्तीवर. तुम्हा सर्वांबद्दल आदर ठेवून लिहितो.

आमच्या शाळेला गेल्या सहा वर्षांत निरनिराळ्या संस्थांकडून आलेलं : ई-लर्निंगचा मोठा टीव्ही, त्यासाठी इन्व्हर्टर, हात धुण्याचं स्टेशन, पाण्याचा फिल्टर, दप्तरं दोनदा, वह्या दरवर्षी. आजची स्थिती : इन्व्हर्टरची बॅटरी दोन वर्षांत गेली, नवी घ्यायला शाळेच्या खात्यात पैसे नाहीत, म्हणून टीव्ही वीज असेल तेव्हाच. वीज शाळेच्या वेळेत असेलच असं नाही. फिल्टरची कॅन्डल बदलायची असते हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, तो बंद करून माठ ठेवला. हात धुण्याच्या स्टेशनला आठ नळ, टाकी नाही.

दप्तरं दोनदा का? कारण दोन संस्थांना एकमेकींचं माहीत नव्हतं. मुलांनी दुसरं दप्तर घरी धाकट्यासाठी नेलं, ते चांगलंच झालं. पण त्याच पैशात बॅटरी आली असती. विचारलं असतं तर सांगितलं असतं. देणगीच्या कार्यक्रमात गुरुजींनी दोन शब्द आभाराचे बोलायचे असतात, त्यात बॅटरीचं कसं काढायचं?

एक गंमत. प्रत्येक वस्तूवर देणाऱ्याच्या नावाची पाटी आहे आणि पाटीचा रंग अजून तसाच आहे. पाट्या फार टिकाऊ असतात.

---

काठावरचा | १५ मे, रात्री ९.१५

गुरुजी, तुमची शाळा आमच्या तालुक्यातली नसावी अशी प्रार्थना करतोय. आम्हीही असे संच दिलेत. उद्या जुन्या फायली काढतो.

---

रक्तपिशवी | १६ मे, सकाळी ११.४०

मी रक्तपेढीत तंत्रज्ञ. शिबिरांबद्दल बोलायलाच हवं, कारण प्रत्येक क्लबचा हा हक्काचा कार्यक्रम.

१५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, नेत्यांचे वाढदिवस, या दिवशी आम्हाला चार-चार शिबिरांची पत्रं येतात. एका दिवसात एवढं रक्त येतं की ठेवायचं कुठे हा प्रश्न. तांबड्या पेशी जास्तीत जास्त ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट फक्त ५ दिवस. आणि आता, मे महिन्यात? कॉलेजं बंद, लोक गावाला, लग्नसराई, ऊन. फ्रिज रिकामा. थॅलेसेमियाच्या मुलाला दर दोन-चार आठवड्यांनी रक्त लागतं, त्याला उन्हाळ्याची सुट्टी नसते. त्याचे वडील फोन करतात तेव्हा आम्ही आमच्याच स्टाफला पाठवतो.

शिबिर मोठं नको. १०० बाटल्यांचा फलक लावायचा म्हणून ४५ किलोपेक्षा कमी वजनाच्या पोरींना उभं करतात, हिमोग्लोबिन १२.५ नसताना “बघा ना जरा” म्हणतात. त्यापेक्षा मे आणि दिवाळीनंतरचा आठवडा, दोन वेळा पंचवीस-तीस नियमित दाते द्या. पुरुषाला तीन महिन्यांनी, बाईला चार महिन्यांनी पुन्हा देता येतं. ४२ सदस्य आणि त्यांच्या दुकानातली, कारखान्यातली माणसं धरली तर एवढे दाते यादी करून सहज निघतात. ती यादी मीटिंगमध्ये होते, बॅनरवर होत नाही.

हेल्मेट, टिफिन, बॅग असली भेट देऊ नका. भेटीसाठी आलेला माणूस आजार लपवतो.

---

इनरव्हीलवाली | १६ मे, दुपारी ३.१५

पुरुषांचा क्लब म्हणून जे चाललंय ते वाचतेय. रोटरीने बायकांना सदस्यत्व खुलं केलं १९८९ साली. तोवर आम्ही, रोटेरियनांच्या बायका, ‘अ‍ॅन’ आणि आमची पोरं ‘अ‍ॅनेट’. माझ्या सासूबाईंच्या जुन्या बिल्ल्यावर नवऱ्याचं नाव आहे, त्यांचं नाहीच. इनरव्हीलची सुरुवात मँचेस्टरला १९२४ मध्ये झाली, रोटेरियनांच्या बायकांनीच केली.

आमची मीटिंग दुपारी तीनला असते. जेवण नाही, चहा आणि कुणी केलं असेल ते. गेल्या वर्षी आम्ही मुलींना लोहाच्या गोळ्या वाटायचं ठरवलं होतं. आमच्यातल्या एक शिक्षिका म्हणाल्या, गोळ्या शासनाकडून आठवड्याला एक येतेच, निळी. पोरी ती खिडकीबाहेर टाकतात, कारण उपाशीपोटी घेतली की मळमळतं. म्हणून आम्ही गोळ्या घेतल्याच नाहीत. दर आठवड्याला गोळीच्या दिवशी दोघी जणी मधल्या सुट्टीनंतर शाळेत जातो, गप्पा मारतो, पोटात काही गेलंय ना बघतो आणि आमच्यासमोर गोळी. वर लिंबाची फोड, आणि पुढचा तासभर चहा बंद. खर्च लिंबांचा. याची बातमी काय येणार! पत्रकाराने विचारलं, “वाटप कसलं?” मी म्हटलं, लिंबाचं.

काठावरचा, तुमच्या ४२ मध्ये बायका किती? ते लिहिलं नाहीत.

---

काठावरचा | १६ मे, दुपारी ३.४०

चार. आणि परवाच्या अकरांत तीन त्याच होत्या. हे आत्ता मोजलं, आणि मोजायला तुम्ही सांगावं लागलं.

---

खतावणी | १६ मे, सायंकाळी ७.२०

सीए आहे, त्यामुळे रुक्ष बोलतो. क्लबची खाती दोन ठेवा : सदस्यांच्या वर्गणीचं, ज्यातून जेवण, हॉल, बुलेटिन, कॉलर आणि गुलाब, आणि प्रकल्पांचं, ज्यात लोकांकडून जमवलेला पैसा. दुसऱ्यातला रुपया पहिल्यात जाता कामा नये. बहुतेक भांडणं इथून सुरू होतात. कंपन्यांचा सीएसआर, म्हणजे समाजकार्याचा निधी, घ्यायचा असेल तर ट्रस्ट वेगळा, धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेला, ८०जी (देणगीदाराला करसवलत) घेतलेला, आणि ऑडिट वेळेवर. रोटरीच्या ग्लोबल ग्रँटला प्रकल्प किमान ३०,००० डॉलरचा लागतो, जोडीला दुसऱ्या देशातला क्लबही. अकरा माणसांनी त्याच्या मागे लागू नये. गुरुजींची बॅटरी आधी.

दर मीटिंगला दोन मिनिटं खजिनदाराला द्या. शिल्लक किती एवढंच सांगायचं. लोक जागे होतात.

---

सातासमुद्रापार | १७ मे, पहाटे ४.५०

मी मूळची साताऱ्याची, आता शिकागोजवळ. इथला आमचा क्लब सकाळी सातला भरतो आणि बरोबर आठला उठतो, कारण सगळ्यांना कामावर जायचं असतं. बाकी इथलं तिथे लागू होईल असं नाही, पण एक गोष्ट सांगते.

२३ फेब्रुवारी १९०५ ला इथे पहिली बैठक झाली तेव्हा चौघे होते. वकील पॉल हॅरिस, एक कोळशाचा व्यापारी, एक खाण अभियंता आणि एक शिंपी. बैठक अभियंत्याच्या कचेरीत. पुढची दुसऱ्याच्या जागेत, मग तिसऱ्याच्या. पाळीपाळीने जागा फिरायची म्हणून नाव रोटरी. हॉटेलचा हॉल नंतर आला. म्हणजे ज्याला परंपरा म्हणून तुम्ही घट्ट धरलंय ती मूळ परंपरा नाहीच.

---

जुनं_खोड | १७ मे, सकाळी ६.०५

हे मी दर पदग्रहणात ऐकतो आणि कधी डोक्यात शिरलं नाही. आभार, ताई.

---

काठावरचा | ९ जून, रात्री १०.१५

धागा वर काढतोय. बोर्डाची मीटिंग झाली, भांडण झालं, ते सगळं लिहीत नाही. ठरलं ते असं : महिन्याचा पहिला आणि तिसरा गुरुवार. पहिला हॉलमध्ये, तिसरा फिरता, जिथे आपलं काम असेल तिथे. फिरत्या मीटिंगला जेवण नाही. या शेवटच्या वाक्यावर सर्वांत जास्त वेळ गेला.

जुन्या फायली काढल्या. गेल्या सात वर्षांत आम्ही नऊ शाळांना टीव्ही आणि इन्व्हर्टर दिलेत. फोन केले. दोन ठिकाणी व्यवस्थित चालू. एका शाळेत टीव्ही मुख्याध्यापकांच्या कपाटात कुलूप लावून ठेवलाय, ‘खराब होऊ नये म्हणून’. बाकी सहांची कथा गुरुजींनी लिहिली तीच.

---

तिरकस_बोरू | ९ जून, रात्री १०.३०

कपाटातला टीव्ही अजून नवा असेल. हीच खरी देखभाल.

---

काठावरचा | १८ जुलै, रात्री ११.४०

पहिली फिरती मीटिंग काल झाली. सहांपैकी एका शाळेत, गावापासून १४ किलोमीटर, संध्याकाळी साडेपाचला. पाऊस होता. २३ जण आले. त्यातले सात-आठ ‘काय तमाशा आहे बघू’ म्हणून आले असणार, पण आले.

गंमत अशी की गुरुवारी त्या भागात देखभालीसाठी वीज बंद असते आणि काल ती संध्याकाळपर्यंत आलीच नव्हती. हे आम्हाला माहीत नव्हतं, शाळेला होतं. अध्यक्षांनी घंटा वाजवली ती मोबाइलच्या उजेडात. राष्ट्रगीत झालं. मग मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, “तुमचा इन्व्हर्टर दाखवते.” कोपऱ्यात उभा होता. वर आमचं रोटरीचं चक्र, खाली २०१९-२० च्या अध्यक्षांचं नाव, स्टिकर लखलखीत. आणि ते अध्यक्ष स्वतः माझ्या शेजारी उभे. कुणीच काही बोललं नाही. मग तेच पुढे झाले, खाली वाकले, बॅटरीची टोपणं उघडून आत उजेड मारला आणि म्हणाले, “यात डिस्टिल्ड वॉटर कधी घातलं होतं?” बाई म्हणाल्या, “घालायचं असतं?”

आमच्यात एक बॅटरीचा डीलर आहे. बारा वर्षं सदस्य, मी त्याला मीटिंगमध्ये बोलताना कधी ऐकलं नव्हतं. तो अर्धा तास बोलला. कुठली बॅटरी का जाते, शाळा सुट्टीत महिना-दीड महिना बंद राहिली की काय होतं, पाणी कुठल्या रेघेपर्यंत, कुणी आणि कधी घालायचं. सातवीतल्या दोन मुली, ज्या उगाच थांबल्या होत्या, त्यांना त्याने टोपणं उघडायला लावली. त्या आता शाळेच्या बॅटरीमंत्री. सहा जुन्या बॅटऱ्या तो परत घेणार आणि नव्या खरेदीच्या भावात देणार. पैसे वर्गणीच्या खात्यातून, कारण हॉटेलचं बिल आता महिन्याला एकदाच होतंय (खतावणी, खातं बरोबर आहे ना?).

वक्ता नव्हता. आभारही राहून गेले.

---

खतावणी | १९ जुलै, सकाळी ८.००

वर्गणीतून प्रकल्पाला चालतं, उलट चालत नाही. बोर्डाचा ठराव तेवढा लिहून ठेवा.

---

वस्तीवरचा_गुरुजी | १९ जुलै, सकाळी ८.२०

डिस्टिल्ड वॉटरचं वाचून मी आत्ता आमचा इन्व्हर्टर उघडून आलो. कोरडा ठणठणीत. आम्हालाही कुणी सांगितलं नव्हतं.

---

जुनं_खोड | १९ जुलै, सकाळी ८.४५

२३ ठीक आहे. पण मी अजून म्हणतो, आठवड्याची हवी. दोन मीटिंगांमध्ये पंधरा दिवस गेले की माणूस आपलं काम विसरतो. तुमच्या बॅटरीवाल्याला विचारा पुढच्या गुरुवारी, सहा बॅटऱ्या गेल्या का शाळांत.

---

काठावरचा | १९ जुलै, सकाळी ९.१०

काका, पुढच्या गुरुवारी मीटिंगच नाही ना. हाच तुमचा मुद्दा, कळला. वही केलीय, ठेचाताईंसारखी. सहा शाळा, सहा नावं. शेपटी पिरगाळायलाही माणूस नेमलाय, रोटरीत ते पद नसलं तरी.

---

वऱ्हाडी_ठेचा | १९ जुलै, सकाळी ९.३०

पहिला दंड कोणाला?

---

काठावरचा | १९ जुलै, सकाळी ९.३२

मला. इथे बॅटरीच्या भावाचं लिहिलं आणि ग्रुपवर सांगायला विसरलो. पन्नास.

---

रक्तपिशवी | १९ जुलै, दुपारी १२.१५

१५ ऑगस्टला शिबिर ठेवलं नाहीये ना?

---

काठावरचा | १९ जुलै, दुपारी १२.४०

नाही. दिवाळीनंतरचा दुसरा रविवार, ३० नावं, भेट काही नाही. पेढीच्या गाडीचं तेवढं बघा. आणि पुढची फिरती मीटिंग ऑगस्टच्या तिसऱ्या गुरुवारी, हात धुण्याच्या स्टेशनापाशी. नळ आठ आहेत, टाकी नाही. येताना प्लंबर आणतोय, तो सदस्य नाही, पण म्हणाला जेवण नसेल तर लवकर सुटेन, येतो.